दोराचे सात दिवस

सफर ९

येथील लोक ज्याला आतापासूनच शहर म्हणू लागले आहेत, त्या तामदितमध्ये येऊन मला आज, सफर महिन्याच्या नवव्या दिवशी, तेरा दिवस झाले. या शहरात नेमके काय आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी अतिशयोक्ती करू नये: साठ कुटुंबे, मातीच्या अकरा खोल्या, बाकी सारे तंबू, एक मचूळ विहीर, एक झाऊचे झाड आणि अगणित शेळ्या.

परवा चौकाची आखणी पूर्ण केली. बाजू शंभर हात. माझ्या पितळी गजाने स्वतः मोजली. मध्ये अष्टकोनी हौद, हौदापासून चार दिशांना चार रस्ते, प्रत्येक रस्ता बाणासारखा सरळ. सर्व रेषा चाळलेल्या राखेने ओढल्या. आज सकाळी पाहतो तो पूर्वेचा रस्ता शेळ्यांनी पुसून टाकलेला. धन्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, "उस्ताद, रस्ता झालाय म्हटल्यावर त्या चालल्या. त्यांची काय चूक?" येथे मला उस्ताद म्हणतात. काहींच्या तोंडी तो शब्द टोपणनावासारखा लागतो.

सर्व काही पाण्यावर अवलंबून आहे. विहीर दर महिन्याला वीतभर खाली जाते. जमातीचे प्रमुख शेख माक्सन यांनी पहिल्याच दिवशी मला स्वच्छ सांगितले, "सवालचा महिना सरायच्या आत डोंगराचं पाणी इथं आलं, तर आम्ही घरं बांधू. नाही आलं, तर तंबू आवरू आणि ज्यांनी हाकललं त्यांच्याच दारात मान खाली घालून परत जाऊ. तिसरी जागा आम्हाला नाही." नऊ महिने आहेत. मी म्हटले, आठ पुरतील.

उपाय जुनाच आहे. डोंगराच्या पायथ्याशी, जेथे जमिनीखाली पाणी आहे, तेथे चाळीस हात खोल मूळ आड. तेथून चौकापर्यंत दोन हजार हातांचे भुयार. त्याच्या माथ्यावर माती उपसण्यासाठी आणि हवेसाठी ओळीने आणखी पंचवीस आड. जमीन चौकाकडे उतरत येते, भुयार मात्र जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे आड उथळ होत जातात आणि शेवटी पाणी आपोआप उजेडात येते. भुयाराला एकूण उतार द्यायचा तो केवळ वीस बोटांचा, म्हणजे पुरता एक हातही नव्हे. जास्त दिला तर पाणी तळ खात जाते, कमी दिला तर जागच्या जागी उभे राहते. हे काम अंदाजाने होत नाही. त्यासाठीच मला कैरवानहून बोलावले आहे.

चौकाच्या खाली, उताराला, पन्नास हातांवर ते झाऊचे झाड आहे. दोर वळणाऱ्या बायका त्याखाली बसून दिवसभर मोठमोठ्याने बोलतात. नकाशात ती जागा मी शेणखताच्या उकिरड्यासाठी दिली आहे. झाड तोडावे लागेल.

सफर १४

मोजणीचा दोर आज तयार व्हायचा होता. घेण्यासाठी स्वतः गेलो. खजुरीच्या काथ्याचा, बोटभर जाड, वळण एकसारखे. कामात खोट नव्हती, हे मान्य करतो. परंतु वळणाऱ्यांची मुख्य, तासादित नावाची विधवा, तो देईना.

"वळून झालाय उस्ताद, पण तयार नाही. सात दिवस झाडाला टांगायचा, खाली दगड बांधायचा. मग तुमचाच."

"दगड कशासाठी?"

"नवा दोर खोटं बोलतो. दगड लटकला की हळूहळू खऱ्यावर येतो."

बायका हसल्या. तेवढ्यात मला दिसले की दोराच्या टोकाला मेंदी लावली होती, निळा मणी बांधला होता, आणि एक म्हातारी त्याला नवरी म्हणून हाक मारीत गाणे म्हणत होती. सात दिवस ही गाणी चालतात, असे कळले. दोराला मेंदी! मी अकरा वर्षे भूमितीचे अध्ययन केले ते दोराच्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून बसण्यासाठी नव्हे.

"बाई, माझ्यापाशी सात दिवस नाहीत," मी म्हटले. "कैरवानला दोर वळला की त्याच दिवशी वापरतात."

"वापरत असतील. तिथल्या विहिरींना पाणी लागतं का?"

मी दोर उचलून आणला. संध्याकाळपर्यंत सपाट जमिनीवर पसरून, गज लावून, हाताहाताला गाठ मारली. चाळीस हातांच्या चाळीस गाठी. एकही गाठ केसभर इकडेतिकडे नाही. मग शेखसाहेबांकडे जाऊन, अशा अंधश्रद्धांना नव्या शहराच्या पायाशी थारा असू नये, असे निवेदन केले. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "उस्ताद, तुम्ही पाणी आणा. गाण्यांचं मी बघतो."

सफर २९

सव्वीस आडांच्या तोंडांची पातळी मोजून पूर्ण झाली. लाकडी पन्हाळीत पाणी भरून, तोंडापासून तोंडापर्यंत, प्रत्येक मोजणी तीनदा. सोळा दिवस लागले. तीनही वेळा आकडे जुळले. असे काम मी कोणाचे पाहिलेले नाही.

जमातीने माझ्या ताकाची व्यवस्था केलेली दिसते. रोज सकाळी दाराशी झाकलेला वाडगा असतो. ताक फार आंबट असते. कोणाकडे तक्रार करावी ते कळत नाही.

रबिलावल २१

मूळ आडाचे काम वेगात आहे. खणणाऱ्यांचा म्होरक्या यद्दर हा साठीच्या पुढचा, काटकुळा, आणि दर वाक्याला थुंकणारा मनुष्य आहे. अक्षरओळख नाही. आज मी ओळंब्याचा दगड बांधून दोर आत सोडला, एकतिसावी गाठ काठाशी आली, तशी एकतीस हात अशी नोंद केली. हा गृहस्थ वर आला आणि म्हणाला, "उस्ताद, माझ्या वावेनं जास्त भरतंय."

दोन्ही हात पसरून वाव मोजण्याची यांची पद्धत! मी म्हटले, "तुझे हात आखूड असतील."

"साठ वर्षं हेच हात आहेत. अजून कुठं आखूड पडले नाहीत."

वरचे मजूर फिदीफिदी हसले. तेव्हा मी सर्वांसमोर बजावले: माप फक्त माझ्या दोराचे. पुन्हा कोणी आपल्या अंगाची मापे मध्ये आणली, तर मी गज, पन्हाळी आणि नकाशे बांधून त्याच दिवशी कैरवानला निघेन. यद्दरने दोराकडे, मग तासादितच्या झाडाच्या दिशेने पाहिले; तो थुंकला आणि खाली उतरला. शिस्त एकदाच लावावी लागते.

जमादिलावल २

झाऊच्या झाडावरून जाताना, येथील ताक दह्यापेक्षा चिंचेला जवळचे आहे, असे सहज मोठ्याने म्हणालो. कोणाला उद्देशून नव्हे.

जमादिलावल ३

ताक आंबट नव्हते. योगायोग असावा.

जमादिलाखर १०

चाळीस हातांवर मूळ आड पूर्ण झाला. पाणी अपेक्षेपेक्षा अधिक लागले. वरचे आठ आड मी रोज स्वतः मोजतो. खालचे, चौकाजवळचे, उथळ आहेत. तेथे आठवड्यातून एकदा जातो. यद्दरची माणसे अलीकडे तेथेच अधिक दिसतात, आणि त्या आडांतून माझ्या हिशेबापेक्षा जास्त माती वर येते. भुयार ऐसपैस करून खाली बसत असतील, दुसरे काय? त्याला जाब विचारला.

"माती मऊ आहे, उस्ताद. ढासळते."

"मग मापाच्या दिवशी तळाशी सैल मातीचा थर कशाला? ओळंबा त्यात रुततो."

"खडकावर आपटून तुमचा दगड फुटला तर?"

माझ्या उपकरणांविषयी त्याला काळजी वाटावी, हे मला अनपेक्षित होते. तरी जादा मातीची नोंद तारखेनिशी स्वतंत्र कागदावर करून ठेवली आहे. प्रसंगी उपयोगी पडेल.

मी खाली उतरत नाही. भूमिती वरून चालते. खाली केवळ हात चालतात. शिवाय काठावरून वाकून पाहिले तरी माझे तळवे ओले होतात. उन्हामुळे असावे.

रज्जब १७

विहिरीत आता चार विती पाणी उरले आहे. जनावरांना दिवसाआड पाजतात. आज भांडण झाले. एका बाईने दुसरीचा पोहरा लाथाडला, आणि सांडलेल्या पाण्याकडे दोघी इतका वेळ पाहत उभ्या राहिल्या की भांडण तेथेच संपले.

साबान ५

दोन कुटुंबे गेली. तंबूच्या जागी फिकट चौकोन उरले आहेत. माझ्या नकाशात ती पश्चिम रस्त्याची घरे होती. जाताना एक म्हातारा मला म्हणाला, "उस्ताद, तुमचं शहर छान होतं." होतं! मी त्याला राखेच्या रेषा दाखवल्या, भुयाराचे सतरा भाग जोडले गेले आहेत हे सांगितले. त्याने ऐकले, माझ्या खांद्याला हात लावला, आणि गेला. शेखसाहेब वेशीपर्यंत सोबत गेले. वेस म्हणजे अजून दोन दगड आहेत.

रमजान २६

हे लिहिताना माझा हात स्थिर आहे. तसा तो असावा, अशी मी काळजी घेत आहे.

हौदाचा पाया खणण्याआधी चौक पुन्हा आखावा म्हणून आज सकाळी तोच दोर घेतला. चौकाची बाजू साडेसत्त्याण्णव हात भरली. मी ती सफरमध्ये गजाने शंभर हात मोजली होती. पुन्हा मोजली. साडेसत्त्याण्णव. चौक आकसत नसतो.

दोर जमिनीवर पसरला आणि गज लावला. टोकापासून चाळिसाव्या गाठीपर्यंत, चाळीस हातांच्या जागी एक्केचाळीस.

नवा दोर. खाली टांगलेला दगड. रोज, महिनोन्महिने. तो ताणला गेला. सगळाच्या सगळा, एकसारखा, प्रामाणिकपणे ताणला गेला. आणि त्याचा बहुतेक ताण पहिल्या काही दिवसांतच निघाला असणार, म्हणजे त्यानंतरचे प्रत्येक माप खोटे. जेथे मी चाळीस हात लिहिले, तेथे एक्केचाळीस खणले गेले. वरचे आड खोल, म्हणून तेथे चूक मोठी. चौकाशी भुयार उजेडात येते, तेथे चूक शून्य. मूळ आडाचा तळ एक हाताने, म्हणजे चोवीस बोटांनी, खाली गेला आहे. आणि मी दिलेला उतार वीस बोटांचा होता.

पाणी चौकाकडे येणार नाही. चार बोटांचा उतार उलट दिशेने आहे. ते डोंगराकडेच परत जाईल.

सवाल संपायला चौतीस दिवस आहेत. अठ्ठावन्न कुटुंबे.

रमजान २७

काल रात्री झोप नव्हती. आज दुपारी जमातीला पत्र लिहिले. त्यात दाखवून दिले की चौकाजवळच्या आडांतून हिशेबापेक्षा अधिक माती निघाली, याच्या तारखा माझ्यापाशी आहेत. मापाच्या दिवशी तळाशी सैल माती पसरली जात असे. खणणाऱ्यांनी माझ्या मापांचे पालन केलेले नाही, आणि भुयारात पाणी चालले नाही तर त्याचे कारण तेथे शोधावे. प्रत्येक वाक्य सत्य होते. असे आटोपशीर, असे निर्दोष पत्र मी आयुष्यात लिहिलेले नाही. वाचले तेव्हा मला ते आवडले.

मग दाराशी गेलो. वाडगा होता. रमजानात तो सूर्यास्तापूर्वी येतो, त्यावर खजुराचे पान बांधलेले असते, आणि ते पान ज्या काथ्याने बांधलेले असते तो नेहमी उत्तम वळलेला असतो. उपास सोडून ताक प्यालो. पत्र फाडले. चार तुकडे वाऱ्यावर सोडले, ते पूर्वेच्या रस्त्यावरून गेले. त्या रस्त्यावर आता राखही उरलेली नाही.

रमजान २८

पहाटे यद्दरकडे गेलो. तो तेराव्या आडाच्या काठाशी कुदळीला दांडा बसवीत होता. मी रात्रभर जुळवलेली वाक्ये होती. एकही आठवले नाही. म्हणालो, "यद्दरकाका, तुमच्याशी बोलायचं होतं."

त्याने कुदळ खाली ठेवली. "तुमच्याशी? उस्ताद, ऊन लागलं का? अजून उगवलं पण नाही."

"चूक माझी आहे. दोर—"

"ताणला," तो म्हणाला. "चाळिसाला एक. तासादितनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आम्हाला. तीस वर्षं वळतेय ती. दोर किती खोटं बोलणार ते तिला मुठीत धरल्यावर कळतं."

मी काठावरच खाली बसलो. तो म्हणाला, "चला, खाली चला. वर बसून नाही दिसायचं."

मी उतरलो. कसा उतरलो ते लिहिणार नाही. एवढेच लिहितो की माझ्या कमरेला बांधलेला दोर यद्दरच्या दोन माणसांनी धरला होता, तो जुना आणि चांगला ताणलेला होता, आणि मी तसे विचारून घेतले होते. खाली गुडघ्यांवर रांगत दिवा धरून तो पुढे, मी मागे. भिंतीत मी ठोकून घेतलेल्या खुंट्या दिसल्या; तळ जेथे असावा तेथून एक हात वर, प्रत्येक आडाखाली एक. प्रत्येक खुंटीच्या खाली काजळाने ओढलेली दुसरी रेषा होती. वरच्या आडांपाशी ती रेषा खुंटीच्या अगदी जवळ. जसजसे चौकाकडे सरकलो, तसतसे अंतर वाढत गेले. शेवटच्या आडाखाली खुंटी आणि रेषा यांत एक हाताचे अंतर होते. मी बोटांनी मोजले. चोवीस.

"वरचं खोल गेलं, ते काय पुन्हा वर आणता येतंय?" तो म्हणाला. "म्हणून खालचं खाली नेलं. तुमचा उतार तेवढाच ठेवलाय, वीस बोटं. त्यात हात नाही घातला."

ती जादा माती. तो सैल थर. माझ्या कागदावरच्या तारखा.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हात आखूड." मग त्याने दिवा माझ्या तोंडाकडे धरला, आणि जे पाहिले त्यामुळे असावे, आवाज उतरवला. "हे बघा. पुन्हा बोललो तर तुम्ही निघून जाणार म्हणालात. मग सव्वीस तोंडांची पातळी कोणी धरली असती? मी? मी खणत आलो ते दहा-बारा आडांचं. एवढं लांब, एवढं सरळ माझ्या बापानं पण नाही पाहिलं. दोन बाजूंनी खणत आलेली माणसं आपसांत नाकाला नाक लावून भेटतात, उस्ताद. तुमच्या रेषेत खोट नाही. दोर तेवढा पोरगा होता. आणि मूळ आड खोल गेला ते बरंच झालं, पाणी दुप्पट लागलं."

शेवटचे वाक्य सांत्वनासाठी होते की ते सत्य आहे, हे मला ठरवता आले नाही. बसून हिशेब केला. सत्य आहे.

वर आल्यावर लक्षात आले की माझे तळवे कोरडे होते. त्यानंतर दुसरी गोष्ट लक्षात आली. भुयाराचा तळ एक हाताने खाली गेला, म्हणजे पाणी चौकात उजेडात येणार नाही. ते उताराला आणखी पुढे निघेल. किती पुढे, हे मी यद्दरला विचारले, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळले.

"पन्नास हात," तो म्हणाला. "झाऊखाली. सावली पण आहे."

सवाल ३

ईदनंतरची जमातीची पहिली बैठक. मी उभा राहून सर्व सांगितले: दोर, गाठी, चोवीस बोटे, यद्दरची रेषा. फाडलेल्या पत्राचेही सांगितले. ते कोणी विचारले नव्हते. शेवटी सांगितले की चौक, हौद आणि चार रस्ते चुकीच्या जागी आहेत, आणि मी उकिरड्यासाठी ठरवलेल्या जागेवर पाणी येईल.

मी शिक्षेच्या भाषेची वाट पाहत होतो. शेख माक्सन यांनी विचारले, "पण येईल?"

"येईल."

"सवाल संपायच्या आत?"

"यद्दरकाका म्हणतात, वीस दिवस."

"मग बसा की. उभे काय राहिलात?"

मागून शेळ्यांच्या धन्याचा आवाज आला, "शेखसाहेब, शेळ्यांना सांगा, पूर्वेचा रस्ता रद्द." सारी जमात हसली. मीही हसलो; पूर्वी या मनुष्याच्या विनोदांवर मी कधी हसलो नव्हतो. बसलो तेव्हा पाठीवरून काहीतरी जड उतरून ठेवल्यासारखे वाटत होते.

सवाल २१

आले.

सकाळी मूळ आड आणि त्यालगतचा आड यांमधली शेवटची भिंत फोडली. सर्व वस्ती झाऊखाली होती. भुयाराचे तोंड तेथे दगडांनी बांधून ठेवले होते. दुपारपर्यंत काहीच नाही. एक म्हातारी तोंडाशी कान लावून बसली होती आणि कोणी बोलले की हात उगारत होती. मी मनातल्या मनात दोन हजार हातांचा प्रवास मोजत होतो. माझ्या गणिताने जेव्हा यायला हवे होते ती वेळ टळली. यद्दर थुंकला. मी पुन्हा मोजू लागलो.

आधी गार वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. मग कोरड्या तळावरून एक काळी जीभ सरकत आली, चिखलाची, बोटभर उंचीची, पुढे कचरा ढकलत. ती थांबली. मग तिच्यामागून पाणी आले, आणि येतच राहिले. लोकांनी आरडाओरडा केला असावा. मला काही ऐकू आले नाही. मी वीस बोटांचा उतार पाहत होतो. पाणी धावत नव्हते, रेंगाळतही नव्हते. शहाण्या माणसाच्या चालीने चालत होते.

शेखसाहेब गुडघ्यांवर बसून, मनगटांपर्यंत हात बुडवून, रडत होते. यद्दरने दोन्ही हात पसरून मला कवेत घेतले. त्याची वाव आखूड नाही.

गढूळ पाणी निवळल्यावर तासादितने पहिला वाडगा भरला. तो शेखसाहेबांना द्यायला हवा होता. तिने तो माझ्यापुढे धरला.

"घ्या उस्ताद. आज ताक नाही, पाणीच. आंबट लागलं तर सांगा."

प्यालो. गोड होते. माझ्या ताकाविषयी तिला कशी माहिती, हे मात्र मला कळले नाही. जमातीत चर्चा झाली असावी.

जिल्काद ४

गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक परत आले. तो म्हातारा माझ्या नव्या नकाशापुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, "हे आधीच्याइतकं छान नाही." मी म्हटले, "नाही." तो तंबू उभारायला गेला.

नव्या नकाशात चारही रस्ते झाडाकडे वळतात. दक्षिणेचा तर दोनदा वळतो, कारण मध्ये लोकांनी घरांचे पाये घालून टाकले आहेत आणि ते काढायला कोणी तयार नाही. हौद अष्टकोनी नाही. झाडाची मुळे जशी आहेत तसा आहे. पुढे एखादा भूमितिज्ञ हा नकाशा पाहून हसेल. त्याचा गैरसमज होऊ नये म्हणून मी नकाशाच्या कडेला, सुवाच्य अक्षरात, कारण लिहून ठेवले आहे, आणि खाली माझे नाव घातले आहे.

ताकाच्या व्यवस्थेबद्दल शेखसाहेबांचे आभार मानले. ते म्हणाले, जमातीने कोणालाही ताक दिलेले नाही. मग माझ्याकडे पाहून विनाकारण हसले. चौकशी केली पाहिजे.

जिल्काद ८

घरांच्या आखणीसाठी नवा दोर लागणार. परवा तो वळून झाला. मी तो स्वतः झाडाकडे नेला. फांदीवर टाकून खाली दगड बांधला. दगडाचे वजन मी निवडले, तासादितने तो बदलला. मेंदी लावताना म्हातारीने माझे बोट वाटीत बुडवून दोराला टेकवले, मला विचारलेही नाही. रंग अजून गेलेला नाही. गाण्याच्या चालीत एक मात्रा कमी पडते, हे मी त्यांना सांगितले. "मग तुम्ही म्हणा," तासादित म्हणाली.

आज सकाळी गवंडी आले. सर्व सामान तयार आहे, माणसे तयार आहेत, ऊन वाढते आहे; आखणीला केव्हा सुरुवात करायची, असे विचारीत होते.

आज दोराचा तिसरा दिवस आहे. मी सांगितले, अजून चार.